एमबीए एचआर झालं, पण पगारपत्रक मांडता येईना

चिंचवडहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे: "एमबीएच्या शेवटच्या सत्रात आहे, स्पेशलायझेशन एचआर. आतापर्यंत सगळीकडे फर्स्ट क्लास. गेल्या महिन्यात चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या कारखान्यात) मुलाखतीला गेले. त्यांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले, बेसिक-डीए २२ हजार, एचआरए ६ हजार, कन्व्हेयन्स २ हजार, महिन्यात दोन दिवस बिनपगारी. हातात किती येतील ते काढा. मला काढता आलं नाही. मग विचारलं, आमच्याकडे रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलंय, ट्रेनिंग कोणाला द्याल? मी ट्रेनिंग नीड आयडेंटिफिकेशनची व्याख्या सांगितली. ते नुसते हसले. दोन वर्षं वाया गेली का? २८ हजार रुपये फीचा एक पेरोल कोर्स आहे, तो करू का? चार महिने हातात आहेत. शिवाय बाणेरच्या एका रिक्रूटमेंट फर्मची ऑफर आलीय, ती घेऊ का?"

वर्षं वाया गेलेली नाहीत. पण त्या दिवशी तुम्हाला दोन अगदी वेगळ्या जातीचे प्रश्न विचारले गेले, आणि तुम्ही दोन्हींचं दुःख एकच समजून बसला आहात. पगाराचा प्रश्न दोन रविवारांत सुटणारा आहे. रिजेक्शनचा प्रश्न मात्र मनुष्यबळ विकासाच्या पदवीच्या गाभ्यातला आहे, आणि पदवीने तुम्हाला तिथेच तयार केलं नाही याचं वाईट वाटायला हवं.

आधी पगार, म्हणजे तो काटा निघून जाईल. एकूण ३० हजार. तीस दिवसांचा महिना, २८ दिवसांचा पगार: २८,०००. बेसिक-डीए २२ हजारांचे २०,५३३ झाले. पीएफ १२ टक्के. पण कंपनी १५ हजारांच्या मर्यादेवर कापते की पूर्ण रकमेवर? मर्यादेवर कापला तर १,८००, पूर्ण रकमेवर कापला तर २,४६४. महाराष्ट्रात या पगाराला व्यवसाय कर २००, फक्त फेब्रुवारीत ३००. या माणसाला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, कारण २१ हजारांची मर्यादा त्याच्या बेसिक-डीएनेच ओलांडली आहे. म्हणजे हातात २६,००० किंवा २५,३३६. आणि कंपनी बिनपगारी दिवस २६ ने भागून कापत असेल तर कपात २,००० ऐवजी २,३०८ होते, म्हणजे मर्यादेवरचा पीएफ धरून हातात २५,६९२.

आकडेमोड सातवीची आहे. अडतं ते कुठे, तर भागायचं ३० ने की २६ ने, पीएफ कशावर, आणि हे ठरवलंय कोणत्या करारात किंवा धोरणात, हे विचारायचं असतं हेच वर्गात कोणी सांगत नाही. मुलाखतीत उत्तर आलं नाही म्हणून बिघडलं नसतं. "तुमच्याकडे बिनपगारी दिवस २६ ने काढता की ३० ने?" एवढं विचारलं असतं तरी समोरच्याला कळलं असतं की या मुलीने पगारपत्रक पाहिलेलं आहे.

याच गणितातली एक जागा नवख्यांना हमखास चकवते. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, १५ हजारांवर १,२५० रुपये. उरलेले ५५० पीएफमध्ये. पण पहिल्यांदाच नोकरीला लागलेला आणि पहिल्या दिवसापासून १५ हजारांच्या वर पगार असलेला माणूस पेन्शन योजनेचा सदस्य होत नाही. त्याला पीएफ द्यायचं ठरवलं असेल तर मालकाचे सगळे १,८०० पीएफमध्येच भरायचे. रुजू होताना भरून घ्यायच्या फॉर्म ११ मध्ये आधीच्या सदस्यत्वाचे रकाने यासाठीच असतात. घाईत ते कोरे राहतात, सॉफ्टवेअर सरसकट १,२५० वळते करतं, आणि चूक उघडी पडते ती बऱ्याच वर्षांनी, माणूस पैसे काढायला जातो तेव्हा. तोवर फॉर्म भरून घेणारा एचआरवाला तिसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

आता २८ हजारांचा कोर्स. करू नका. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात लेबर कन्सल्टंटची कार्यालयं आहेत. छोट्या कंपन्यांचे पगार, पीएफ, ईएसआय तीच सांभाळतात. तिथे जाऊन सांगा की महिन्याच्या १ ते १५ तारखेपर्यंत बिनपैशाने बसते. ७ तारखेच्या आत पगार, १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचा भरणा, त्यामुळे त्या पंधरवड्यात त्यांनाही हात हवेच असतात. दहा कंपन्यांचे दहा तऱ्हेचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, एकाच टेबलावर येतात: कुठे बायोमेट्रिक, कुठे रजिस्टर, कुठे ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. हजेरी आणि पगार जुळत का नाही, हे तिथे दिसतं. रात्रपाळीचा माणूस पहाटे बाहेर पडला की मशीन त्याचा दुसरा दिवस धरतं. बदली रजेची चिठ्ठी सुपरवायझरच्या खिशातच राहते. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा तो एकपट लागतो. असे दोन पंधरवडे बसलात तर त्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल. एक पथ्य मात्र पाळा: तिथलं एकही नाव, आधार क्रमांक किंवा पगाराचा आकडा स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊ नका. नंतर मुलाखतीत दाखवायची शीट काल्पनिक नावांनी स्वतः बनवा.

कायद्याबाबत तुमची बॅच विचित्र वेळी बाहेर पडते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या, पण बहुतेक नोट्स आणि गाइडं अजून जुन्या कायद्यांवर लिहिलेली आहेत. तुम्हाला परीक्षेसाठी जुनं आणि कामासाठी नवं, दोन्ही लागेल. वहीचं पान मधोमध दुमडा: डावीकडे जुना नियम, उजवीकडे नवा. कल्याण अधिकारी कारखाने अधिनियमात ५०० कामगारांना होता, संहितेत तो २५० ला आला. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायला नको, एक वर्ष पुरतं. मजुरीच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम मजुरीत धरायची. आणि राजीनामा, नोकरकपात किंवा बडतर्फी, काहीही झालं तरी मजुरीचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

यातला शेवटचा नियम वाचायला एका ओळीचा, पण त्याने एचआरच्या कामाची सगळी रीतच बदलते. आजवर फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब, महिना-दीड महिना चालायचं, कारण काही येणं बाकी नाही असा नो ड्यूजचा कागद स्टोअर, टूलरूम, कँटीन, आयटी असा टेबलाटेबलावर पडून राहायचा. आता तो कागद शेवटच्या दिवशी काढून चालणार नाही. राजीनामा हातात आला त्याच दिवशी फिरवायला हवा. कायदा पाठ असणं आणि कायद्यामुळे उद्या सकाळी कोणता कागद कोणाच्या टेबलावर जायला हवा हे कळणं, यांत जे अंतर आहे तेच तुमच्या अभ्यासक्रमात राहून गेलं आहे. प्रत्येक कलम वाचताना स्वतःला विचारा: यामुळे कोणी, कोणत्या तारखेला, काय करायचं?

आता तो रिजेक्शनचा प्रश्न.

पुस्तकात क्रम असा असतो: गरज ओळखा, उद्दिष्ट ठरवा, कार्यक्रम आखा, राबवा, मूल्यमापन करा. यातली पहिली पायरी वर्गात एका तासात उरकते, कारण उदाहरणात गरज आधीच दिलेली असते. कारखान्यात ती दिलेली नसते. तिथे "ट्रेनिंग द्या" हे वाक्य बऱ्याचदा प्रॉडक्शन मॅनेजर एचआरच्या गळ्यात टाकतो, कारण त्याला ऑडिटच्या कागदावर रिजेक्शनची कारवाई म्हणून काहीतरी लिहायचं असतं. समजा, दुसऱ्या पाळीत पार्टला बर (कडेला राहिलेला खरबरीत कंगोरा) येतोय. एचआरने ४० ऑपरेटरांना दोन तास बसवलं, ८० मनुष्यतास गेले, चहा-बिस्किटं झाली, हजेरीवर सह्या झाल्या. पुढच्या महिन्यात बर तेवढाच. कारण डायची (पत्रा कापणाऱ्या साच्याची) धार गेली होती, आणि ती प्रेसच्या किती स्ट्रोकनंतर ग्राइंडिंगला काढायची याची नोंद दुसऱ्या पाळीत कोणी ठेवतच नव्हतं. डाय दुरुस्त करणारी टूलरूम संध्याकाळी सहाला बंद होते. ऑपरेटरला बर दिसत होता, पण डाय उतरवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

म्हणून "ट्रेनिंग कोणाला द्याल?" याचं योग्य उत्तर: आधी तीन गोष्टी बघेन. रिजेक्शन कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, कोणत्या दोषाचं आहे, याचे तीन महिन्यांचे आकडे. तोच माणूस दुसऱ्या मशीनवर चांगला माल काढतो का. काढत असेल तर त्याला काम येतं, अडचण मशीनची आहे. आणि चांगला माल काढायला लागणारी गोष्ट, म्हणजे गेज (माप तपासायचं साधन), उजेड, वेळ, थांबवायची मुभा, त्याच्या हाताशी आहे का. हे सगळं असूनही माल बिघडत असेल आणि बिघाड नव्या माणसांच्या हातून होत असेल, तरच ती ट्रेनिंगची गरज. बाकीचं टूलरूमकडे, देखभालीकडे किंवा पाळीच्या नियोजनाकडे परत पाठवायचं, आणि तेही लेखी. एचआरला हे "परत पाठवणं" जमायला हवं. ज्या विभागाला ते जमत नाही त्याचं ट्रेनिंग कॅलेंडर गच्च भरलेलं असतं आणि शॉप फ्लोअरवर काहीच बदललेलं नसतं.

भारतात मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा उभा राहिला तो एल अँड टीमध्ये, १९७५ च्या सुमारास, उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या शिफारशींवरून. त्या दोघांनी पगार-हजेरीचं प्रशासन आणि माणसं घडवण्याचं काम वेगळं काढलं ते दुसऱ्या कामाला पुरेसा वेळ आणि मान मिळावा म्हणून. आज कॉलेजात दोन्ही एकाच सत्रात कोंबलेली असतात आणि दोन्हींचा सराव होत नाही. याउलट एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) अभ्यासक्रमात आठवड्याचे ठरावीक दिवस फील्डवर्कला असतात, आणि दर आठवड्याला त्याचा अहवाल शिक्षकांसमोर मांडावा लागतो. कामगार कल्याण अधिकारी म्हणून ही मुलं लवकर रुळतात ती बुद्धीने जास्त असतात म्हणून नव्हे. पाहिलेल्या गोष्टीवर कोणीतरी जाब विचारण्याची त्यांना सवय झालेली असते. एमबीएच्या आठ आठवड्यांच्या समर प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच सुटतं. तुमचा प्रोजेक्टही बहुधा "एम्प्लॉयी सॅटिसफॅक्शन"वर असेल: ५० फॉर्म, एचआरने निवडून दिलेली माणसं, पाच पर्यायांचे प्रश्न, रंगीत पाय चार्ट, आणि शेवटी "बहुतांश कर्मचारी समाधानी आहेत". ज्यांना फॉर्म दिले ते कंपनीत टिकलेलेच लोक होते. असमाधानी माणसं आधीच निघून गेली होती, त्यांना विचारलंच नाही.

तोच प्रोजेक्ट आता स्वतःसाठी नीट करा. कॉलेजात रिसर्च मेथडॉलॉजी शिकलात ना, इथे ती खरोखर कामाला येते. एखाद्या ओळखीच्या कंपनीकडून नावं काढून टाकलेली रुजू आणि सोडल्याची यादी मागा. महिन्याची गळती टक्केवारीत काढू नका, ती फसवते. बॅच धरा: जूनमध्ये आलेल्यांपैकी ३० दिवसांनी किती राहिले, ६० ला किती, ९० ला किती. मग हाच तक्ता ठेकेदारानुसार, पाळीनुसार, बसच्या मार्गानुसार फोडा. बऱ्याच कारखान्यांत गळती पहिल्या तीन महिन्यांतच साठलेली दिसते, आणि कारण ट्रेनिंगच्या खोलीत सापडत नाही: पहिला पगार उशिरा मिळाला, सेफ्टी शूज पंधरा दिवसांनी आले, किंवा मशीन लावून देणाऱ्या सेटरने पहिल्याच दिवशी ओरडून कामाला लावलं. असा एक पानभर तक्ता मुलाखतीत पुढे ठेवलात तर फर्स्ट क्लासबद्दल कोणी विचारणार नाही.

दुसरं काम, स्किल मॅट्रिक्स. चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाखाली येतात, आणि त्यात माणसांची क्षमता सिद्ध करावी लागते. तो तक्ता लाइनजवळ भिंतीवर लावलेला असतो: डावीकडे नावं, वर स्टेशनं (लाइनवरच्या कामाच्या जागा), प्रत्येक चौकटीत चार भागांचं एक वर्तुळ. एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. (कंपनीगणिक व्याख्या थोड्या बदलतात, आधी त्यांची विचारून घ्या.) भोसरीत ओळखीच्यांचं दहा-बारा माणसांचं वर्कशॉप असेल तर तिथे हा तक्ता बनवून बघा. नुसतं मालकाला विचारून वर्तुळं भरू नका. प्रत्येक माणूस त्या मशीनवर काम करताना अर्धा तास उभं राहून बघा: सेटिंग स्वतः करतो का, पहिला पार्ट गेजने तपासतो का, माल बिघडला तर थांबतो का.

हा तक्ता बिघडतो तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी. कोणीतरी मागच्या वर्षीची शीट उघडतं, नवी नावं घालतं आणि सगळ्यांना तीन भाग भरून टाकतं. ऑडिटर तक्ता वाचत बसत नाही. तो लाइनवर जातो, क्रिटिकल स्टेशनवरच्या माणसाचं नाव विचारतो, मग तक्त्यात त्याचं वर्तुळ बघतो, मग रुजू झाल्याची तारीख मागतो. पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला तीन भाग भरलेले दिसले की पुढचा प्रश्न एचआरला येतो. त्याहून वाईट म्हणजे अशा खोट्या वर्तुळावर विसंबून सुपरवायझर कच्च्या माणसाला पॉवर प्रेसवर उभा करतो. तिथे बोटं जातात.

ट्रेनिंगच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या, १९५९ पासून शिकवल्या जाणाऱ्या, तुम्हाला पाठ असतीलच: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. कंपन्या पहिलीवर थांबतात, कारण फीडबॅक फॉर्म त्याच खोलीत भरून मिळतो. तिसरी पातळी गाठायला महागडं काही लागत नाही. ट्रेनिंगच्या दिवशीच सुपरवायझरबरोबर बसून, डोळ्यांना दिसतील अशा तीन गोष्टी लिहून घ्या, "पहिला पार्ट गेजने तपासतो" अशा भाषेत, "गुणवत्तेची जाणीव वाढली" अशा भाषेत नव्हे. मग ३०, ६० आणि ९० दिवसांनी तो सुपरवायझर हो किंवा नाही एवढंच लिहील. तारखा तुमच्या कॅलेंडरमध्ये हव्यात, त्याच्या नव्हे. नाहीतर तिन्ही रकाने एकाच शाईने, एकाच दिवशी भरलेले मिळतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायलाच हवी. तुमची दोन वर्षं इंग्रजीत गेली. शॉप फ्लोअरचा कागद मराठीत किंवा हिंदीत असतो. सूचना फलकावरची नोटीस, कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, इन्क्वायरीतले जबाब, सगळं कामगाराला समजेल अशा भाषेत लागतं. "आपण दिनांक अमुक रोजी गैरवर्तन केले" एवढ्यावर आरोपपत्र टिकत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या लाइनवर, कोणासमोर, नेमकं काय केलं किंवा कोणते शब्द उच्चारले, आणि ते स्थायी आदेशातल्या (कंपनीच्या नोकरीच्या नियमांतल्या) कोणत्या कलमाखाली येतं, हे सगळं हवं. खुलाशाला मुदत हवी, चौकशीत सोबत प्रतिनिधी हवा, साक्षीदाराची उलटतपासणी करू द्यायला हवी, आणि निलंबन असेल तर पहिले ९० दिवस निम्मा, पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता. कामगार दोषी असूनही कंपन्या न्यायालयात हरतात त्या यांतल्या एखाद्या पायरीवर. आणि उलटही लक्षात ठेवा: या पायऱ्या निर्दोष माणसाला वाचवण्यासाठी आहेत, त्या पाळताना कंटाळू नका. आठवड्याला एक मराठी मसुदा लिहा, आणि कन्सल्टंटच्या कार्यालयातल्या जुन्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. तो लाल पेनाने जे खोडेल त्यातून तुम्ही शिकाल.

आता ऑफर. बाणेरची रिक्रूटमेंट फर्म पगार बरा देत असेल. तिथे दिवसभर फोन, पोर्टलवर रेझ्युमे, आठवड्याचं टार्गेट. माणूस पटकन वाचायला शिकता, तेही कमी नाही. पण वर्षभराने तुमच्या अनुभवपत्रावर एचआरचं एकच अंग असेल, आणि तिथून प्लांट एचआरकडे येणं अवघड जातं. उलट प्लांटवरून रिक्रूटमेंटकडे केव्हाही जाता येतं. घरची गरज पगाराची असेल तर ऑफर निःसंकोच घ्या, त्यात काही कमीपणा नाही. गरज थोडी थांबू शकत असेल तर प्लांट ट्रेनी म्हणून पगार कमी असला तरी मी प्लांटच सांगेन.

फक्त प्लांटची ऑफर आली की हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझा वरिष्ठ कारखान्यात बसतो की मुंबईच्या ऑफिसात? पहिल्या सहा महिन्यांत पेरोल, ट्रेनिंग आणि कामगार संबंध या तिन्हींत मला फिरवणार का, आणि ते नेमणूक पत्रात लिहून देणार का? आणि ठेकेदाराच्या माणसांची हजेरी कोण तपासतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "ठेकेदारच" असं आलं तर त्या खात्याला मस्टरशी देणंघेणं नाही हे समजून जा, आणि दुसरी कंपनी बघा.